वाळूच्या टेकड्यांवर जंगल लावणारा माणूस

वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना बेसी हे नाव नवे नाही. वर्गीकरणाच्या पेपरात बेंथम-हूकर, एंग्लर-प्रान्टल, हचिन्सन या मंडळींच्या रांगेत तेही उभे असायचे. सपुष्प वनस्पतींच्या गणांचे एकमेकांशी नाते दाखवणारी त्यांची आकृती फड्या निवडुंगासारखी दिसते, म्हणून तिला ‘बेसीचा निवडुंग’ म्हणत. पेरावर पेर चढवत ती आकृती काढली, खाली त्यांची सूत्रे लिहिली की गुण पदरात पडत. मी विद्यार्थी म्हणून ती काढली आणि पुढे मास्तर म्हणून फळ्यावर काढून दाखवली. पण हे बेसी कोण, कुठले, आयुष्यभर त्यांनी काय केले, याची वाच्यता आमच्या पुस्तकात नव्हती. पाठ्यपुस्तके माणसाचे आडनाव तेवढे ठेवतात आणि माणूस बाहेर सोडून देतात.

या बेसींचे संपूर्ण नाव चार्ल्स एडविन बेसी. निवडुंगाची ती आकृती १९१५ सालची, म्हणजे ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षातली. त्याआधीची तीस वर्षे हा माणूस अमेरिकेच्या मध्यावरच्या नेब्रास्का राज्यात राहिला आणि त्यातला मोठा काळ एका ध्यासाने झपाटलेला होता. गवताने झाकलेल्या वाळूच्या अफाट टेकड्यांवर त्यांना पाइनचे जंगल उभे करायचे होते. ते त्यांनी उभे करून दाखवलेही. आणि तरीही, आज सव्वाशे वर्षांनी मागे वळून पाहिले तर प्रश्न पडतो की तिथे जंगल उभे करायला हवे होते का? एखाद्या कर्तबगार, निःस्वार्थी माणसाच्या यशाबद्दल असा प्रश्न पडावा, ही मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते.

आधी ती भूमी पाहू. नेब्रास्काच्या उत्तर-मध्य भागातल्या या प्रदेशाला ‘सँडहिल्स’ म्हणजे सरळसरळ वाळूच्या टेकड्याच म्हणतात. विस्तार सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा सहावा हिस्सा म्हटले तरी चालेल. पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा प्रदेश. काही टेकड्या सव्वाशे मीटरपर्यंत उंच, काही मैलोनमैल लांब. पण राजस्थानच्या वाळवंटाचे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. ही वाळू दिसत नाही, कारण ती गवताखाली आहे. जूनमध्ये हिरवी, सप्टेंबरात तांबूस, थंडीत फिक्या सोन्याच्या रंगाची अशी ही लाटांवर लाटा असलेली कुरणे. हजारेक वर्षांपूर्वीच्या प्रदीर्घ अवर्षणात इथली वाळू वाऱ्याबरोबर चालत होती, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. मग पावसाने थोडा हात सैल सोडला, गवताने वाळूला पकडले आणि ती थांबली. या टेकड्या झोपल्या आहेत, मेलेल्या नाहीत, हे विसरून चालत नाही.

पाऊस किती? पश्चिमेकडे वर्षाला सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास आणि पूर्वेकडे पावणेसहाशेच्या. म्हणजे आपल्या माण-खटाव, सांगोला, सोलापूर या पट्ट्याच्या जवळपासचा. पण तिथे हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात भाजून काढणारा वारा. अशा ठिकाणी वाळूवर पुरुषभर उंचीचे गवत उगवतेच कसे?

याचे उत्तर वाळूतच आहे, आणि ते आपल्या काळ्या रानाच्या अनुभवाच्या नेमके उलट आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती सुपीक, ही आपली जन्मजात समजूत. कमी पावसाच्या मुलखात मात्र चिकण मातीवर पडलेले पाणी वरच्या थरातच अडकते आणि ऊन ते परत घेऊन जाते. जोराचा पाऊस झाला तर निम्मे वाहून जाते. वाळूवर पडलेला थेंब वाहत नाही, तो सरळ खाली उतरतो. वरचे चार बोटे वाळू लवकर सुकते आणि तो सुका थरच खालच्या ओलीवर झाकण घालतो. कोरड्या वाळूतून ओल वर चढत नाही. त्यामुळे खोल मुळांच्या गवताला तिथे पाणी मिळते. पावसाळी मुलखात जी वाळू दरिद्री ठरते, तीच कोरड्या मुलखात पाण्याची तिजोरी ठरते. मात्र या तिजोरीत अन्न फारसे नसते. सेंद्रिय द्रव्याचा वरचा थर अगदी पातळ, नत्र तुटपुंजे. बोटांत घेतली तर माती मुठीत राहत नाही, ओघळून जाते. म्हणजे पाणी आहे पण पोषण बेताचे, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुळे.

इथली मुख्य गवते म्हणजे सँड ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, प्रेअरी सँडरीड, नीडल-अँड-थ्रेड. यातली दोन्ही ब्लूस्टेम आपल्या मारवेल-कुसळीच्या गणगोतातलीच. सँडरीड जमिनीखाली दूरवर खोडे पसरते आणि वाळूला टाके घालत जाते. जोडीला तलवारीसारख्या पानांचा युक्का आणि बुटकी रानचेरी. टेकड्यांच्या मधल्या खोलगटांत भूजल वर येऊन तळी साचतात. ज्याच्यावर अमेरिकेच्या मध्यप्रांतातली कितीतरी शेती चालते, त्या ओगालाला भूजलसाठ्याचे भरण याच वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात होते.

चार्ल्स बेसी या मुलखात आले ते १८८४ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. जन्म २१ मे १८४५ चा, ओहायो राज्यातल्या खेड्यातला. शिक्षण मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात, १८६९ साली पदवी. पुढच्याच वर्षी ते आयोवाच्या कृषी महाविद्यालयात शिकवू लागले. त्या काळी वनस्पतिशास्त्र शिकवणे म्हणजे फुले दाबून कागदावर चिकटवणे आणि लॅटिन नावे पाठ करून घेणे. १८७२ च्या आणि पुन्हा १८७५ च्या हिवाळ्यात बेसी हार्वर्डला एसा ग्रे यांच्याकडे गेले. ग्रे म्हणजे त्या काळच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्राचे भीष्माचार्य. तिथून परतल्यावर त्यांनी आयोवातल्या शेतकऱ्यांच्या पोरांपुढे सूक्ष्मदर्शक ठेवले. पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतः पान कापावे, भिंगाखाली धरावे, दिसले ते काढावे, ही पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्यांत बेसी अगदी आघाडीवर होते. १८८० साली त्यांचे पाठ्यपुस्तक निघाले आणि देशभर लागले. आज आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजातही प्रॅक्टिकलच्या तासाला मुले कांद्याची साल भिंगाखाली पाहतात, त्या परंपरेच्या मुळाशी असलेल्या थोड्या माणसांत हा एक.

लिंकन या नेब्रास्काच्या राजधानीतल्या विद्यापीठात ते आले, तेव्हा राज्याला जेमतेम सतरा वर्षे झाली होती. नव्या वसाहतकारांचा मुलूख, आणि त्यांना एकच गोष्ट खुपत होती, ती म्हणजे झाडे नसणे. पूर्वेकडच्या जंगलातून आलेली ही माणसे. घराला लाकूड नाही, चुलीला सरपण नाही, डोळ्याला आडोसा नाही. झाड नसलेली जमीन म्हणजे देवाने अर्धवट सोडलेले काम, अशीच त्यांची भावना. वृक्षारोपणाचा वार्षिक दिवस अमेरिकेत सुरू झाला तो याच राज्यात, १८७२ साली. १८७३ मध्ये झाडे लावणाऱ्याला जमीन देणारा कायदाही झाला. बेसींच्या आधी याच विद्यापीठात असलेल्या सॅम्युअल ऑगी नावाच्या प्राध्यापकांनी तर नांगर चालला की मागोमाग पाऊस येतो, असा सिद्धान्त मांडला होता. जमीन विकणाऱ्यांना तो फारच आवडला. १८९० च्या आणि १८९४ च्या दुष्काळांनी त्याचा निकाल लावला.

बेसी असल्या भाबडेपणातले नव्हते. ते मोजणारे, पाहणारे, पुराव्याने चालणारे होते. राज्यातल्या गवतांचा आणि चाऱ्याच्या वनस्पतींचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि तो शेतकऱ्यांसाठी सोप्या भाषेत छापला. कृषी संशोधन केंद्रे उभारणाऱ्या १८८७ च्या केंद्रीय कायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता. तीन वेळा ते विद्यापीठाचे प्रभारी कुलगुरू झाले आणि तिन्ही वेळा खुर्ची सोडून आनंदाने प्रयोगशाळेत परतले. आपल्या विद्यापीठांचा कारभार पाहिलेल्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावेसे वाटेल.

पण त्यांची खरी कमाई म्हणजे शिष्य. १८८६ साली त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक अभ्यासमंडळ काढले. पोरे स्वतःच निबंध वाचत, एकमेकांची चिरफाड करत आणि सुट्टीत राज्यभर वनस्पती गोळा करत भटकत. त्यातला एक रॉस्को पाउंड. आपल्याकडचे कायद्याचे विद्यार्थी समाजाभिमुख न्यायशास्त्राच्या प्रकरणात ज्यांचे नाव घोकतात, पुढे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे जे प्रमुख झाले, तेच हे पाउंड. त्यांची डॉक्टरेट मात्र वनस्पतिशास्त्रातली. दुसरा पेर अक्सेल रिडबर्ग, स्वीडनहून आलेला, खाणीतल्या अपघातात पाय अधू झालेला. याच रिडबर्गने १८९३ चा उन्हाळा सँडहिल्समध्ये काढला आणि १८९५ साली तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. तिसरा फ्रेडरिक क्लेमेंट्स, लिंकनमध्येच १८७४ साली जन्मलेला. पाउंड आणि क्लेमेंट्स या दोघांनी १८९८ साली नेब्रास्काच्या वनस्पतिभूगोलावर पुस्तक काढले. ते लिहिताना त्यांच्या लक्षात आले की नुसत्या डोळ्यांनी गवताळ राने पाहिली की फसगत होते. उठून दिसणारे गवत जास्त वाटते आणि बारीक गवत नजरेतून सुटते. म्हणून त्यांनी जमिनीवर चौकोन आखले आणि त्यातले रोप न् रोप मोजले. आज परिस्थितिशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी दोरी आणि खुंट्या घेऊन जो चौकोन आखतो, त्याचा पाया या कुरणात पडला.

आता त्या ध्यासाकडे येऊ. १८९० च्या सुमारास बेसींच्या मनात एक तर्क पक्का होत गेला. सँडहिल्सच्या काही घळींत त्यांना पाइनची तुरळक झाडे आणि जुन्या लाकडाचे अवशेष दिसले. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की या टेकड्यांवर पूर्वी जंगल होते, वणव्यांनी ते खाल्ले, आणि वणवे थांबवून हात दिला तर ते परत येईल. वाळूखाली ओल असते हे त्यांना माहीत होतेच. मग झाड का जगणार नाही?

वॉशिंग्टनच्या वनखात्याचे प्रमुख बर्नहार्ड फर्नो यांच्या मागे लागून त्यांनी १८९१ साली होल्ट काउंटीतल्या एका रानात प्रयोग करून घेतला. जमीन त्यांचे सहकारी, कीटकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रूनर यांच्या कुटुंबाची. पाइनची रोपे लावली गेली आणि मग, सरकारी प्रयोगांचे जे होते ते होऊन, सगळे विसरून गेले. बेसी मात्र विसरले नाहीत. दहा वर्षे ते पत्रे लिहीत राहिले, सभांतून बोलत राहिले. १९०१ साली वनखात्याची तरुण पोरे पाहणीला आली. त्यांनी त्या रानात जाऊन पाहिले तो काय, जॅक पाइनची झाडे दोन पुरुष उंच होऊन डोलत होती.

आता गाडी वेगाने धावू लागली. वनखात्याचे सूत्र गिफर्ड पिंचो यांच्याकडे आणि देशाचे थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे, दोघेही जंगलाचे भक्त. १६ एप्रिल १९०२ रोजी रूझवेल्ट यांनी जवळजवळ एकही झाड नसलेली दोन लाख एकरांहून अधिक जमीन राखीव वन म्हणून जाहीर केली. झाडे नाहीत आणि वन आहे, असा हा अजब सरकारी कागद! हॅल्सी या गावाजवळ मिडल लूप नदीच्या काठी त्याच वर्षी रोपवाटिका सुरू झाली. अमेरिकेच्या केंद्र सरकारची सर्वांत जुनी रोपवाटिका ती हीच आणि आजही तिला बेसींचे नाव आहे. पुढच्या वर्षापासून लागवड सुरू झाली. सुरुवातीला रोपे धडाधड मेली. वाळू उडून मुळे उघडी पडत, नाहीतर वाळूत रोपे गाडली जात. माणसे चुकत गेली, शिकत गेली. पुढच्या काही दशकांत हाताने लावलेले सुमारे वीस हजार एकरांचे जंगल तिथे उभे राहिले. माणसाने लावलेल्या जगातल्या मोठ्या जंगलांत त्याची गणना होत असे.

बेसींनी याची फक्त सुरुवात पाहिली. १९११ साली ते अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे अध्यक्ष झाले. २५ फेब्रुवारी १९१५ रोजी लिंकन येथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा हॅल्सीची बहुतेक झाडे कमरेइतकी असतील. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सावलीची सोय करून ठेवणारा माणूस स्वतः उन्हातच गेला, असे म्हणून चरित्रकाराने इथे लेखणी ठेवली असती तरी चालले असते.

पण कुरणाची गोष्ट इथे संपत नाही.

या टेकड्यांवर तेव्हा दुसराही एक प्रयोग चालू होता, आणि तो करणारे प्राध्यापक नव्हते. लकोटा आणि पॉनी या मूळच्या लोकांना हुसकून, बायसनचे कळप कापून काढून झाल्यावर १८७० च्या दशकात गुरेवाले इथे आले. सुरुवातीला ते टेकड्यांत गुरे घालायला भीत. मग भरकटून आत गेलेली गुरे शोधायला गेलेल्या माणसांना ती थंडीनंतरही धष्टपुष्ट सापडली आणि या गवताची किंमत कळली. १९०४ साली किंकेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला ६४० एकर देऊ केले. आपल्याला हा आकडा जहागिरीसारखा वाटतो, पण वाळूवर तेवढ्यात एक कुटुंब तगत नव्हते. अनेकांनी टेकड्यांवर नांगर घातला. पहिल्या वर्षी पीक आले, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेत उडून शेजाऱ्याच्या कुंपणावर बसले. बहुतेकांनी जमिनी गुरेवाल्यांना विकल्या आणि वाट धरली.

गुरेवाल्यांनाही वाळूने धडे दिले. गाय सगळे गवत सारखे खात नाही, आधी गोड लागेल ते खाते. सँड ब्लूस्टेम आणि लिटल ब्लूस्टेम यांची कोवळी फूट तिला फार आवडते. एकदा खाल्ले तर गवत मुळातल्या साठ्यावर पुन्हा फुटते. पण आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा अशी तोंडे लागली की वर पान नाही म्हणून खाली मूळ आखडते. मूळ आखडले की खालच्या ओलीपर्यंत पोचत नाही. मग ब्लूस्टेम हटते आणि त्याच्या जागी बुटके ग्रामा गवत आणि मोथ्याच्या जातीचे बारीक गवत पसरते. तेही तुडवले की गोखरूसारखे काटेरी वर्षायू तण येते. शेवटी उघडी वाळू. पाण्याच्या टाकीभोवती, कुंपणाच्या कोपऱ्यात, गुरांच्या वाटेवर वारा बोट घालायला जागा शोधतो, आणि एकदा सापडली की टेकडीला भगदाड पाडतो. त्याला तिकडे ‘ब्लोआउट’ म्हणतात. ते बुजायला वर्षे लागतात. जुने कुजके गवत, टायर काय हाताला लागेल ते टाकून गुरेवाले ती भगदाडे बांधतात.

कुरणाच्या या उतरत्या पायऱ्या शास्त्रात नीट मांडल्या त्या बेसींच्या शिष्यपरंपरेने. क्लेमेंट्स यांनी १९१६ साली वनस्पतींच्या अनुक्रमाचा मोठा ग्रंथ लिहिला. प्रत्येक हवामानाची एक अंतिम वनस्पतिसृष्टी असते, तिच्याकडे निसर्ग पायरीपायरीने चढत जातो, आणि या पठाराची अंतिम पायरी म्हणजे गवत, अशी त्यांची मांडणी. क्लेमेंट्स यांच्याच हाताखाली शिकलेल्या आर्थर सॅम्पसन यांनी १९१९ साली ही शिडी चराईला लावली. कुरणात कोणते गवत किती उरले हे पाहून ते कोणत्या पायरीवर आहे हे ओळखा आणि त्यावरून गुरांची संख्या ठरवा, असा तो साधा नियम. १९४९ साली चराईने घटणारी, वाढणारी आणि घुसणारी अशी वनस्पतींची त्रिविध वर्गवारी आली आणि ती जगभरच्या कुरणांत पोचली. जॉन वीव्हर हे बेसींच्याच विभागात शिकलेले. त्यांनी पुरुषभर खोल चर खणून गवताची मुळे इंच इंच मोकळी केली आणि कागदावर उतरवली. ती चित्रे पाहिली की कळते, कुरण जमिनीच्या वर दिसते त्यापेक्षा खाली जास्त असते.

इथे माझ्यासारख्या मास्तराला थांबावेसे वाटते. गुरू म्हणत होता, इथे जंगल होते आणि ते परत येईल. शिष्याच्या शास्त्रातून निघत होते की इथे गवत हेच पूर्णत्व आहे. मोजायला शिकवणाऱ्यानेच शिकवलेल्या मोजणीतून त्याच्या आवडत्या स्वप्नाला उत्तर मिळाले. शिक्षकाच्या वाट्याला याहून मोठे भाग्य कोणते?

पण शिष्यांचे शास्त्रही अखेरचे ठरले नाही. क्लेमेंट्स यांच्या एकाच शिडीवर हेन्री ग्लीसन यांनी १९२६ साली, तर ब्रिटनच्या आर्थर टॅन्सली यांनी १९३५ साली बोट ठेवले. पुढे हेही कळले की चराई म्हणजे केवळ ऱ्हास नव्हे. या गवतांची घडण बायसनच्या तोंडात आणि वणव्यांच्या झळांत झाली. प्रश्न गुरांचा नसतो, ती किती, केव्हा आणि किती दिवस, याचा असतो. रान खाल्ल्यावर त्याला विसावा मिळाला की ब्लूस्टेम परत येते. हेडनचा पेनस्टेमन नावाची जांभळट फुलांची वनस्पती तर नेमकी उडत्या वाळूच्या भगदाडांतच उगवते. वणवे थांबले, चराई सुधारली, भगदाडे बुजली आणि ही बिचारी नाहीशी होऊ लागली. १९४० च्या सुमारास ती संपली असे मानले गेले, १९६८ मध्ये पुन्हा सापडली आणि १९८७ मध्ये तिला संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले. एकाची जखम ती दुसऱ्याचे घर, असा हा निसर्गाचा हिशेब.

आणि बेसींचे जंगल? १९६५ च्या वणव्यात त्याचा मोठा भाग जळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आग लागली, सुमारे एकोणीस हजार एकर होरपळले, मुलांच्या शिबिराच्या इमारती आणि टेहळणीचा जुना मनोरा गेला. आगीनंतर गवत पुढच्या पावसाळ्यात आपोआप परतले. पाइनला पुन्हा माणसाचा हात लागतो. त्याहून अवघड दुखणे आहे ते पूर्वेकडच्या लाल सिडारचे. वणवे आटोक्यात आल्यावर हे झाड राज्यभरच्या कुरणांत आपणहून घुसते आहे आणि गुरेवाले करवती घेऊन त्याच्या मागे लागले आहेत. झाडांखालून भूजलात झिरपणारे पाणी गवताखालच्यापेक्षा कमी असते, हेही हॅल्सीच्याच मोजणीतून दिसले आहे. म्हणजे वणवे थांबले की झाड पुढे सरकते, हा बेसींचा अंदाज अगदी खरा निघाला. निरीक्षण बरोबर होते. झाड आले म्हणजे भूमी सुधारली, हे गृहीत मात्र त्यांनी तपासले नव्हते. ते त्यांच्या एकट्याचे नव्हतेच, जंगलातून आलेल्या एका संपूर्ण समाजाचे होते.

आपले तरी काय वेगळे आहे? १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून झाड लावणे हे आपल्याकडे निर्विवाद पुण्य. सोलापूर, नगर, साताऱ्याच्या पूर्वेकडचे माळ सरकारी कागदावर बराच काळ पडीक म्हणूनच नोंदले गेले. त्या पडिकात माळढोक होता, लांडगा होता, काळवीट होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारणारा धनगर होता. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी १९७३ साली देशभरच्या गवतांचे आच्छादन तपासून त्यांचे पाच मोठे प्रकार पाडले, तेव्हा दख्खनचे पवना-मारवेलचे माळ त्यात ठळक होते. पण त्यांनाही ही राने चराई आणि वणव्यांमुळे मधल्याच पायरीवर अडकलेली वाटली. क्लेमेंट्स यांची शिडी इथवर पोचली होती! अलीकडच्या संशोधनाने ते चित्र बदलत चालले आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या मराठी वाङ्मयात आणि लोककथांत आलेली झाडे-गवते तपासली तर तेव्हाही हा मुलूख काटेरी झाडांचा आणि गवताचाच होता, असे दिसते. तुटलेले जंगल नव्हे, मुळातलाच माळ.

तरीही माळावर चर खणून, गवत उलथून ग्लिरिसिडियाच्या रांगा लावलेल्या मी पाहिल्या आहेत. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पाटीवर रोपांची संख्या होती, उद्‌घाटकाचे नाव होते. नव्हती ती एकच गोष्ट, आधी तिथे कोणते गवत होते याची नोंद. शेजारी एक मेंढपाळ आपला कळप घेऊन उभा होता, कारण राखीव झालेल्या रानात त्याला जायला बंदी होती.

बेसींना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. ज्या माणसाने खेड्यातल्या पोरांच्या डोळ्यांना भिंग लावले, तीन वेळा कुलगुरूची खुर्ची सोडली, दहा वर्षे एका विसरलेल्या रोपांच्या रानासाठी पत्रे लिहिली, त्याच्या चिकाटीचा दशांश आपल्यात असता तर पुष्कळ झाले असते. शिवाय त्यांच्याकडे होते ते आपल्याकडे बहुधा नसते. त्यांनी प्रयोग केला, दहा वर्षे थांबून त्याचा निकाल पाहिला आणि शिष्यांना आपल्यापेक्षा वेगळे पाहण्याची मोकळीक दिली. आपण निकाल आधी जाहीर करतो आणि प्रयोग करायचा राहून जातो.

सँडहिल्समधला गुरेवाला आज टेकडी चढतो तेव्हा आधी खाली पाहतो, कोणते गवत किती उरले आहे, ते. एवढे एक जरी आपण शिकलो, माळावर फावडे मारण्याआधी वाकून गवताचे नाव विचारायला लागलो, तरी वाळूवर जंगल लावणाऱ्या त्या माणसाचे ऋण थोडे फिटेल. कारण झाडे लावणे सोपे असते. जे आधीच उभे आहे ते ओळखणे अवघड, आणि ते ओळखायची हत्यारेही त्यांच्याच वर्गात घडली होती.